एमएक्स-५ च्या हूडची मागची खिडकी: धूसर होणं, चिरणं, चेन उघडणं आणि सीटमागचं पाणी

पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ ला, म्हणजे १९८९ ते १९९७ मधल्या गाडीला, मागची खिडकी काचेची नाही. ती पारदर्शक पीव्हीसीची आहे. दोन्ही बाजूंनी आणि वरून ती चेनने (झिपने) हूडला, म्हणजे दुमडता येणाऱ्या मऊ छताला, जोडलेली असते आणि तिची खालची कड लोखंडी पट्ट्यांखाली नटांनी आवळलेली असते. हीच गाडी जपानात युनोस रोडस्टर आणि अमेरिकेत मियाटा या नावाने विकली गेली. रचना चांगली आहे, कारण खिडकी गेली म्हणून सगळं हूड टाकून द्यावं लागत नाही. पण चार वेगवेगळे बिघाड याच एका जागी एकत्र येतात, आणि त्यातला नेमका कोणता आपल्या गाडीत आहे हे न बघताच खिडकी मागवली जाते. मग नवीकोरी खिडकी बसवूनही पहिल्याच पावसात सीटमागे पुन्हा पाणी.

भारतात कंपनीने ही गाडी कधी विकली नाही. त्यामुळे इथलं बरंचसं ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये जुनी एमएक्स-५ बाळगणाऱ्यांच्या कामाचं आहे. शिवणकामाचा भाग मात्र इथल्या जुन्या जीपच्या हूडलाही जसाच्या तसा लागू पडतो.

लक्षणं

- खिडकी दुधाळ दिसते आणि रात्री मागच्या गाडीचे दिवे पसरट दिसतात.
- प्लॅस्टिक पिवळट किंवा तपकिरी झालंय आणि बोटाने दाबलं तर लवत नाही, कडकडतं.
- मधोमध आडवी चीर पडलीय, किंवा चेनजवळच्या शिवणीलगत छोट्या चिरा आहेत.
- चेन बंद केली तरी रनरच्या मागे दात उघडतात, किंवा रनर कोपऱ्यावर अडतो.
- सीटमागचा गालिचा ओला असतो, सकाळी सगळ्या काचांना आतून बाष्प धरतं, ब्रेक मारला किंवा वळण घेतलं की कुठेतरी खळखळ ऐकू येते.

पहिली दोन लक्षणं प्लॅस्टिकची आहेत. तिसरं बहुतेक वेळा हूड दुमडण्याच्या पद्धतीमुळे उद्भवतं. चौथं चेनचं. शेवटच्याचा खिडकीशी फार कमी वेळा संबंध असतो, आणि तरीही त्याच लक्षणापायी सगळ्यात जास्त खिडक्या विनाकारण बदलल्या जातात.

१. खिडकी ओली करून बघा (खर्च शून्य)

गाडी सावलीत घ्या, हूड लावलेलं असू द्या. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला स्वच्छ पाण्याचा फवारा मारा आणि पाणी ओघळत असतानाच आतून बघा. मग आतून ओलं फडकं फिरवून पुन्हा बघा.

ओली झाल्यावर खिडकी स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर परत धूसर झाली, तर दोष फक्त पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यांचा आहे. पाणी त्या ओरखड्यांत भरतं, प्रकाश विखुरायचा थांबतो, म्हणून आरपार दिसतं. अशी खिडकी पॉलिशने बऱ्यापैकी सुधारते. ओली असतानाही ती तितकीच दुधाळ किंवा पिवळी दिसत असेल, तर बिघाड प्लॅस्टिकच्या आत आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं द्रव्य उन्हाने आणि उष्णतेने हळूहळू निघून जातं आणि अतिनील किरणांनी प्लॅस्टिक पिवळं पडतं. हे कोणत्याही पॉलिशने परत येत नाही. महागडी बाटली घेण्याआधी ही दोन मिनिटांची चाचणी कराच.

२. धुणं आणि पॉलिश

आतली बाजू आधी धुवा. डॅशबोर्ड आणि सीटच्या प्लॅस्टिकमधून उडणाऱ्या वाफेचा तेलकट थर आतून बसतो आणि बरीचशी धूसरता निव्वळ त्याचीच असते. बाहेरून आधी भरपूर पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या, मगच सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवलेलं मायक्रोफायबर फडकं फिरवा. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की प्रत्येक कण एक रेघ ओढतो. धुळीने माखलेलं हूड तसंच दुमडलं तर खिडकीवर हेच होतं.

अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही या प्लॅस्टिकला लावू नका. स्टिकरचा डिंक काढायचा असेल तर कोमट साबणपाणी आणि धीर. हिवाळ्यात बर्फ खरवडायची पट्टी मागच्या खिडकीवर अजिबात चालवू नका.

पॉलिश मऊ प्लॅस्टिकच्या खिडक्यांसाठी बनवलेलीच घ्या. हेडलाइटच्या किटमधला सँडपेपर इथे चालत नाही. हेडलाइटचं पॉलिकार्बोनेट कडक असतं, पीव्हीसी मऊ असतं आणि त्यावर सँडपेपरने पडलेले चरे निघत नाहीत. काम हातानेच करा. ड्रिलवर स्पंज लावून फिरवला तर एका जागी प्लॅस्टिक तापतं आणि तिथे लाटेसारखा डाग पडतो, तो कायमचा. खिडकीच्या आतून दुसऱ्या हाताने, टॉवेलची घडी धरून, आधार द्या. आधार नसेल तर दाबाने शिवणीवर ताण येतो. दोन-तीन फेऱ्यांत फरक दिसला नाही तर थांबा.

३. पाणी नेमकं कुठून येतंय

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आहे. खिडकीच्या खालच्या कडेमागे, हूड आणि बॉडी यांच्या मध्ये, प्लॅस्टिकची एक पातळ पन्हळ असते. हूडवरून ओघळणारं पाणी खिडकीखालून आत येणारच असं धरूनच ती बसवलेली आहे. ती पाणी झेलते आणि दोन्ही टोकांना, सीटबेल्टच्या खांबांच्या मागे असलेल्या निचऱ्याच्या नळ्यांत सोडते. या नळ्या मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली उघडतात. पानं, पाइनच्या सुया, हूडचे सुटलेले धागे आणि चिखल यांनी नळ्या तुंबल्या की पाणी पन्हळीतून उतू जातं, सीटमागे येतं आणि तिथून पायाखाली उतरतं.

चाचणी सोपी आहे. सीट पुढे घ्या, मागच्या कोपऱ्यातला गालिचा बाजूला करा, नळीचं तोंड टॉर्चने बघा. त्यात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला गाडीखाली बघायला सांगा. पाणी लगेच धारेने पडलं पाहिजे. थेंब थेंब पडतंय किंवा वर साचतंय, तर नळी तुंबलेली आहे. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे बघा. गाडी नेहमी झाडाखाली एका अंगाने उभी राहत असेल तर एकच बाजू तुंबते.

साफ करायला गवत कापायच्या यंत्राची २ ते २.५ मिमी जाडीची नायलॉन दोरी घ्या. तिचं टोक मेणबत्तीवर धरून गोल करा म्हणजे नळीला भोक पडणार नाही. आधी खालून वर सरकवा, मग वरून खाली, आणि मध्ये मध्ये पाणी ओता. कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका. तुंबलेल्या नळीत दाब आला की बॉडीच्या आतला तिचा जोड निसटतो, आणि मग सगळं पाणी थेट सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पेटीत, जातं. तो जोड परत बसवणं हे खिडकी बदलण्यापेक्षा कठीण काम आहे.

नळ्या मोकळ्या असूनही आत ओल असेल तर पन्हळ बघा. जुनी पन्हळ ठिसूळ होते आणि नटांच्या भोकांपाशी चिरते. गालिचा काढून, कोरड्या पत्र्यावर वर्तमानपत्राचे कागद अंथरा आणि बागेच्या नळीने अगदी कमी धारेत खालून वर पाणी सोडत जा. आधी फक्त खिडकीची खालची कड, पाच मिनिटं. मग चेनची कड, मग दाराच्या काचांचे रबर, शेवटी पुढची कड. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळं एकाच वेळी भिजतं आणि काहीच कळत नाही. कागद कुठे आधी ओला होतो, तिथे दोष.

ओल दुर्लक्षू नका असं इतक्या ठासून सांगण्याचं कारण सिल आहे. या गाड्यांचे सिल मागच्या चाकांच्या पुढे आतून गंजतात, आणि तुंबलेल्या नळ्या हे त्याचं एक मोठं कारण. ब्रिटनमध्ये सिलच्या गंजामुळे गाडी एमओटीत, म्हणजे तिथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, नापास होते आणि त्याच्या वेल्डिंगच्या खर्चात खिडक्याच काय, अख्खं हूड येतं. डाव्या स्टिअरिंगच्या सुरुवातीच्या अमेरिकन गाड्यांत इंजिनचा संगणक शेजारच्या सीटच्या पायाखाली, गालिच्याच्या आतच असतो. तिथपर्यंत पाणी पोचलं की गोष्ट फक्त कुबट वासावर थांबत नाही.

४. चेन

चेन उघडून टूथब्रश आणि साबणपाण्याने दात घासा, वाळू द्या, मग त्यावर पांढरं मेण किंवा सिलिकॉनची कांडी फिरवा. तेलाचा स्प्रे मारू नका. तेल धूळ धरतं आणि शिवणीतून खिडकीच्या कडेवर पसरतं.

आता रनर फिरवून बघा. रनर पुढे जातोय, पण मागे दात जुळत नाहीत, तर दात चांगले असून रनर ढिला झालाय, असं बहुतेकदा निघतं. रनरच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यातलं अंतर वापराने वाढतं. पक्कडीने रनरची मागची कड, आधी एक बाजू मग दुसरी, अगदी हलकेच दाबा, जेमतेम जाणवेल इतकीच. पुन्हा चालवून बघा. जास्त दाबलं तर रनर जाम होतो किंवा चिरतो. दोन-तीनदा दाबूनही फरक नसेल तर चेनच्या मापाचा नवा रनर घाला, तो थोड्या पैशांत मिळतो. जुना काढायला चेनच्या टोकाची अडक उसवावी लागते आणि नवा घातल्यावर तिथे हाताने चार-पाच घट्ट टाके घालावे लागतात. ते टाके विसरलात तर रनर एक दिवस हातात येईल.

दात तुटलेत, किंवा दातांची कड हूडच्या कापडापासून उसवलीय, तर कोणत्या अर्ध्या भागाची, हे नीट बघा. खिडकीकडचा अर्धा भाग नव्या खिडकीबरोबर नवाच येतो. हूडकडचा अर्धा भाग गेला असेल तर नवी खिडकी मागवून उपयोग नाही. आधी तो शिवून घ्यावा लागेल किंवा हूड बदलावं लागेल. मागवण्यापूर्वीची ही तपासणी लोक हमखास विसरतात.

५. चीर कुठे आहे, ते कारण सांगतं

मधली आडवी चीर म्हणजे चेन न उघडता हूड पाडलं गेलंय. या गाडीत हूड खाली घेण्याआधी चेन पूर्ण उघडायची, खिडकी मागच्या शेल्फवर सपाट पसरायची, तिच्यावर जुनी मऊ चादर किंवा टॉवेल टाकायचा, आणि मगच हूड दुमडायचं. उन्हाळ्यात चेन न उघडताही चालून जातं, म्हणून सवय लागते. मग एखाद्या गार सकाळी तीच घडी चिरते. १० अंशांखाली तर खिडकीला हातच लावू नका, थंडीत पीव्हीसी कडक होतं. वरून कडक छत बसवणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: हूड हिवाळाभर दुमडलेलं पडून राहिलं तर घडीच्या ठिकाणी कायमची रेघ उमटते.

शिवणीलगत छोट्या चिरा आल्या असतील तर प्लॅस्टिक आक्रसलंय. ते आता प्रत्येक थंड रात्री शिवणीला खेचतंय. अशा खिडकीवर ठिगळ फुकट जातं.

मधल्या चिरेला तात्पुरता उपाय आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना चामड्याच्या पंचने २ ते ३ मिमीचं गोल भोक पाडा. टोकदार टोकावर एकवटणारा ताण गोल कडेवर विभागला जातो आणि चीर पुढे सरकत नाही. दोन्ही बाजू धुऊन, पूर्ण कोरड्या करून, आत आणि बाहेर पारदर्शक व्हिनाइल दुरुस्तीची पट्टी लावा, चिरेच्या दोन्ही अंगांना निदान २ सेंमी येईल इतकी रुंद. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, तो पांढरा पडतो आणि तिथेच नवा कडक कंगोरा तयार होतो. पीव्हीसी पाइपचं सोल्युशन प्लॅस्टिक वितळवून सुरकुत्या पाडतं. ही पट्टी नवी खिडकी येईपर्यंतच आहे, आणि ती लावल्यावर हूड पाडायचं नाही.

६. नुसती खिडकी की अख्खं हूड?

मागवण्याआधी हूड जरा निरखून बघा. दाराच्या काचांच्या वर, जिथे हूड दुमडतं, तिथे व्हिनाइल चिरलंय का? चेनच्या शिवणीचा दोरा नखाने उचलून हलका ओढा. तो सुटून हातात आला तर उन्हाने कुजलाय. कापड चेनच्या कडेला ताठ आहे की सैल झालंय?

हूड ठणठणीत असेल तर चेनची खिडकी घ्या. हा सगळ्यात स्वस्त आणि घरी होणारा मार्ग आहे. हूड थकलेलं असेल तर नवी खिडकी आक्रसलेल्या जुन्या कापडाला खेचेल आणि चेन तिथूनच उसवेल. अशा वेळी माझं स्पष्ट मत, पूर्ण हूड बदला, आणि बदलताना दुसऱ्या पिढीसारखं काचेच्या खिडकीचं घ्या. १९९८ पासूनच्या गाडीला काचेची, तारांनी तापणारी खिडकी आली, आणि तसं हूड पहिल्या पिढीच्या सांगाड्यावर बसतं. त्यात चेन उघडायची कटकटच नाही. तापणाऱ्या तारांसाठी वेगळं वायरिंग ओढावं लागतं, ते नको असेल तर जोडलं नाही तरी चालतं.

७. खिडकी बदलणं

अर्धा दिवस हाताशी ठेवा. लागणारं सामान: चेनसकट नवी खिडकी, १० मिमीचा खोल सॉकेट, लहान रॅचेट आणि लांब एक्स्टेंशन, गंज सैल करायचा स्प्रे, प्लॅस्टिकची चपटी उचकणी, पंच, पांढरी पेन्सिल, टॉर्च, दोन टॉवेल. पन्हळ चिरलेली असेल तर तीही आताच मागवा. दोन्ही गोष्टी त्याच नटांखाली असतात, दुसऱ्यांदा सगळं उघडण्यात शहाणपण नाही.

दिवस उबदार निवडा, २० अंशांच्या वर. नवी खिडकी गुंडाळून येते. ती काढून तासभर उन्हात सपाट पसरा. गुंडाळीच्या वळणासकट बसवायला गेलात तर चेन जुळता जुळत नाही.

सीट पूर्ण पुढे घ्या. मागच्या शेल्फवरचा गालिचा प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी धरलेला असतो. मधला भाग स्क्रू ड्रायव्हरने सैल करून उचकणीने काढा. जुन्या खुंट्या हमखास तुटतात, चार-पाच जादा आणून ठेवा. आता हूडला पुढच्या काचेच्या चौकटीशी धरून ठेवणारे दोन्ही लॅच सोडा आणि हूड हातभर वर उचलून ठेवा, म्हणजे मागचा ताण जातो. चेन उघडा.

गालिच्याखाली लोखंडी पट्ट्या आणि त्यांवरचे नट दिसतील. प्रत्येक नटावर स्प्रे मारा आणि पंधरा मिनिटं थांबा. हे बोल्ट बॉडीतच पक्के बसवलेले आहेत. गंजलेला नट जोर लावून फिरवला की बोल्टच मोडतो. नट अडला तर पाव फेरा सैल, पाव फेरा घट्ट, पुन्हा स्प्रे, असं करत काढा. पट्ट्यांवर पेन्सिलने डावी, मधली, उजवी लिहा. पट्ट्या उचलल्यावर पन्हळ, हूडची झालर आणि खिडकीची कड एकमेकांवर कोणत्या क्रमाने आहेत, याचा फोटो काढा. बसवताना हा क्रम चुकला तर पाणी पन्हळीच्या मागे उतरतं.

खिडकीची कड बोल्टांवरून एकेक करून सोडवा, दोन्ही हातांनी, बोल्टाच्या अगदी जवळ धरून. घाईत ओढलं तर खालची ठिसूळ पन्हळ भोकांपाशी फाटते. खिडकी निघाली की पन्हळ ओल्या फडक्याने पुसा आणि एकेक भोक तपासा. तिची दोन्ही टोकं निचऱ्याच्या तोंडात नीट उतरलेली आहेत ना, हे बोट घालून बघा. टोक बाहेर राहिलं तर बाकी सगळं अचूक केलं तरी पाणी आतच येणार.

जुनी खिडकी नवीवर ठेवून भोकं जुळवा. काही खिडक्या बिनभोकांच्या येतात, काहींची भोकं किंचित सरकलेली असतात. बोल्ट ६ मिमीचे आहेत, भोक त्यांना घट्ट बसेल एवढंच पाडा. सैल भोकातून कड घसरते आणि महिन्याभरात खिडकीला सुरकुती येते. मध्यबिंदूची खूण दोन्हीकडे करा.

मधल्या बोल्टापासून सुरुवात करून कड बसवा, पट्ट्या ठेवा, नट फक्त दोन-तीन आटे, हातानेच. आता, नट घट्ट करण्याआधी, चेन लावा. हूडचे लॅच अजून सुटेच आहेत, त्यामुळे कापड सैल आहे आणि रनर सहज फिरेल. कोपऱ्यावर एका हाताने दोन्ही कडा एकमेकींकडे ढकला आणि दुसऱ्या हाताने रनर पुढे न्या. शेवटचे काही सेंटिमीटर जुळत नसतील तर पक्कडीने रनर ओढू नका. बहुतेक वेळा खालची कड एका भोकाने सरकलेली असते. नसेल तर गाडी अर्धा तास उन्हात उभी करा. ऊन नसेल तर हेअर ड्रायरची हवा मध्यम ठेवून, लांबून, सतत हलवत द्या. हीट गन नको.

चेन पूर्ण लागली की नट मध्यापासून दोन्ही टोकांकडे, आळीपाळीने, हाताच्या साध्या जोराने आवळा. पट्टी बसली आणि कापड हलेनासं झालं की पुरे. मग लॅच लावा. लॅच फारच जड जात असतील तर जबरदस्ती नको, लॅचच्या हुकाचा ताण थोडा कमी करा आणि काही दिवसांनी कापड बसल्यावर परत वाढवा. खिडकीवर हलक्या आडव्या लाटा दिसतील, त्या दोन-चार उन्हांत जातात. एका कोपऱ्यातून तिरपी निघालेली सुरकुती मात्र जात नाही. तिथले नट सैल करून कड पुन्हा जुळवा.

गालिचा लावण्याआधी कागद अंथरून पाण्याची चाचणी पुन्हा करा. पुढचे दोन-तीन दिवस हूड लावलेलंच ठेवा.

तयार खिडकी मिळत नसेल तर

चांगल्या शिवणाऱ्याकडून जुन्या चौकटीत नवी पारदर्शक शीट शिवून घेता येते. जीपची हूडं आणि ताडपत्र्या शिवणारे कारागीर हे काम करू शकतात, फक्त तीन-चार गोष्टी त्यांना आधी सांगा. शीट ०.७५ ते १ मिमी जाडीची हवी. रोलमधली स्वस्त शीट लाटांची असते, तिच्यातून मागचं वाकडं दिसतं. दाबून गुळगुळीत केलेल्या सपाट शीटचा तुकडा मागा. दोरा उन्हाला टिकणारा पॉलिएस्टर घ्या, सुती नको. सुती दोरा पावसात कुजतो. टाका ४ मिमीच्या आसपास लांब हवा. बारीक टाक्याने शीटला तिकिटासारखी भोकांची ओळ पडते आणि ती तिथूनच फाटते. टाचण्या लावायच्या नाहीत, त्यांचं भोक बुजत नाही. दुहेरी चिकटपट्टीने जुळवून मग टीप मारायची. आणि जुनी शीट उसवण्याआधी नव्या शीटवर तिचा साचा उतरवून घ्यायचा, कारण उसवून सुटी झालेल्या, आक्रसलेल्या शीटचं माप घेतलं तर नवी खिडकीही तोकडी होते. बाहेरच्या शिवणीवर शेवटी शिवणबंद, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारं द्रव्य, लावायला सांगा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पट्टीखालचा बोल्ट मोडला तर ड्रिल घेऊन बसू नका. तो पातळ पत्र्यात आहे आणि मागे जागा नाही. एखाद्या टोकाजवळचा एकच बोल्ट असेल तरीही बॉडीचं काम करणाऱ्याला दाखवा.

गालिच्याखालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर बद्द वाजत असेल, किंवा सिलचा रंग फुगून खाली चुरा पडत असेल, तर खिडकीचा विचार आधी बाजूला ठेवा. पहिलं काम वेल्डरचं आहे. सिलमध्ये खळखळ होतेय आणि नळ्या मोकळ्या केल्यावरही थांबत नाही, तर आतला जोड सुटला आहे.

संगणकाजवळचा गालिचा भिजला असेल तर बॅटरीची वायर काढा आणि सगळं वाळल्याशिवाय इग्निशन देऊ नका. इंजिन अडखळत असेल तर इलेक्ट्रिशियन.

हूडचा सांगाडा एका बाजूला वाकलाय, पुढच्या पट्टीवरचे रिव्हेट सुटलेत किंवा कडेच्या ताणाच्या तारा तुटल्यात, तर ते पूर्ण हूडाचं काम आहे. घरी करणारे लोक आहेत, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने हूड ताणताना दोन मिमीची चूक केली तर दाराच्या काचा रबरावर बसत नाहीत. हे काम हूड शिवणाऱ्या दुकानाकडेच द्या. काचेची खिडकी कापडापासून सुटली असेल तर तेही तिथेच न्या. सिलिकॉनच्या नळीने ती चिकटत नाही, आणि एकदा सिलिकॉन लागलं की नंतर योग्य गोंदही धरत नाही.

दुकानात जाताना तीन गोष्टी सांगा: गाडीचं वर्ष, हूड मूळचं आहे की नंतर बदललेलं, आणि पाण्याच्या चाचणीत कागद कुठे आधी ओला झाला. नंतर बाजारातून घेतलेल्या हूडांची चेन मूळ हूडाच्या चेनपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून खिडकी मागवण्याआधी जुन्या चेनच्या दातांचा, शेजारी पट्टी ठेवून काढलेला, जवळचा फोटो त्यांना पाठवा.